रिकाम्या मैदानाचं उद्घाटन

हरणं ही कला आहे, आणि आमच्या ऑफिसात या कलेत माझा हात धरणारा कोणी नाही. साहेबांशी मी कॅरममध्ये हरलोय, बुद्धिबळात हरलोय, बॅडमिंटनमध्ये तर असा हरलोय की साहेब आपली कंबरदुखी विसरले. "आज काही खरं नाही बुवा तुमच्यापुढे," म्हणत रॅकेट खाली ठेवायची, की आपली खुर्ची शाबूत.

म्हणूनच परदेशातल्या पंपांच्या प्रदर्शनात कंपनीचा स्टॉल सांभाळायला कोणाला तरी पाठवायचं ठरलं, तेव्हा मी साहेबांना घरी जेवायला बोलावलं. येताना त्यांचा नवा खेळही आणायला सांगितला. शंभराहून जास्त वर्षांपूर्वीचं एक जागतिक प्रदर्शन पटावर भरवायचं. लाकडी ठोकळ्यांचे मंडप उभारायचे: विजेचा, यंत्रांचा, चित्रांचा. ज्याचे मंडप जास्त, तो जिंकला. अध्यक्ष अर्थातच साहेब.

"त्यांना जिंकू दिलं की तिकीट आपलं," मी बायकोला सांगितलं.

बायको एका गोदामात सुपरवायझर आहे. तिला माल वेळेवर पोचलेला लागतो. "मुद्दाम हरायचं, तर मग खेळायचं कशाला?" ती म्हणाली.

घोळ असा झाला की साहेब येताना होयबाला घेऊन आले. होयबा म्हणजे आमचा अकाउंटंट. साहेब शिंकले तरी 'अगदी बरोबर' म्हणणारा माणूस. त्यालाही परदेशी जायचं होतं.

पहिल्याच फेरीत माझ्या हाती विजेच्या मंडपाचं सगळं सामान आलं. मी कपाळाला आठ्या घातल्या. "मजूर मिळेनात साहेब. पुढच्या खेपेला बघू." होयबाचा यंत्रांचा मंडप जवळजवळ उभा होता. त्याने तो पाडला. "पाया कच्चा वाटला," म्हणाला. मग मीही इरेला पेटलो. चित्रांच्या मंडपाची जागा सोडून दिली. त्याने कारंज्याची सोडली. मी एक उपसमिती नेमली. खेळात उपसमिती नव्हती, पण होयबाने लगेच तिचा अहवाल मागवला.

साहेब एकटेच मंडप उभारत होते आणि भलतेच खुशीत होते.

"अहो, अर्ध्याहून जास्त मैदान मोकळंच आहे," बायको कुजबुजली.

"तू थांब गं," मी म्हणालो.

शेवटी साहेबांनी उद्घाटनाचं पत्त्यासारखं पान उलटलं. चष्मा गाडीत राहिला होता, म्हणून ते बायकोकडे दिलं.

"निम्म्याहून जास्त जागा रिकाम्या असतील तर प्रदर्शन रद्द," तिने वाचलं. "सगळे खेळाडू हरले."

"सगळे म्हणजे?"

"अध्यक्षसुद्धा. कंसात लिहिलंय."

साहेब पहिल्यांदाच हरले होते, आणि तेही माझ्या घरचं जेवून.

"मुद्दाम हरायची कल्पना ह्यांची होती," होयबा म्हणाला. इतकी वर्षं माझ्या कामाचं श्रेय लाटणाऱ्या माणसाने ते पहिल्यांदाच मला देऊन टाकलं.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे कॅरमसुद्धा असंच?"

मी छताकडे पाहिलं.

"आणि बॅडमिंटन?"

त्यांचा चेहरा इतका उतरला की मला खरोखर वाईट वाटलं. मग त्यांनी ठोकळे डब्यात भरले. "मैदान रिकामं ठेवणारी माणसं मी परदेशी पाठवू? दर शनिवारी दोघांनी घरी यायचं. मला जो खराखुरा हरवेल, तो जाईल."

मला हायसं वाटलं. जिंकायचीच परवानगी मिळाली म्हटल्यावर काम फत्ते!

तेव्हापासून दर शनिवारी आम्ही जिवाच्या आकांताने खेळतोय. मी नियम पाठ केलेत. होयबाने तर एकदा साहेबांना तोंडावर 'चूक' म्हणून दाखवलं. मंडप भराभर उभे राहतात, उद्घाटन थाटात होतं आणि साहेब जिंकतात.

काल घरी आलो तर बायकोने पाण्याचा पेला पुढे केला आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"आजही मुद्दाम हरलात?"

"मग काय तर," मी म्हणालो, आणि गटागटा पाणी प्यायलो.