गौरीची बदली

सबनीसकाका जगातल्या कुठल्याच देशाला देश म्हणत नाहीत, डिव्हिजन म्हणतात. 'यंदा हंगेरी डिव्हिजनला बर्फ लवकर पडलं,' असं ते दूधवाल्याला सांगतात आणि तोही 'जी, बाबूजी' म्हणत माप ओततो.

काका रेल्वेत गार्ड होते. झाशीलाच रिटायर झाले आणि ओरछा गेटपाशी आमच्या शेजारी घर बांधलं. त्यांची एकुलती एक मुलगी गौरी बास्केटबॉल खेळते. हौसेने नव्हे, पगारावर, परदेशी क्लबांकडून. आधी हंगेरी, मग लिथुएनिया, आता पोर्तुगाल. यातलं करार-बिरार काकांना समजावून मी थकलो. 'अरे, ऑर्डर आली की सामान बांधायचं. त्यालाच बदली म्हणतात,' एवढंच त्यांचं म्हणणं. नवा क्लब ठरला की मानिक चौकातून पेढे येतात. फोनवर पहिला प्रश्न, 'क्वार्टर मिळालं का?' दुसरा, 'पाणी किती वाजता येतं?' गौरी बिचारी वेळही ठोकून देते.

आता, बदलीवर गेलेला माणूस कधी ना कधी घराजवळचं ठिकाण मागून घेतोच, यावर काकांचा गाढ विश्वास. त्यांच्या घरातला तो लांबलचक पलंग त्यातूनच आला.

गौरीची उंची सहा फुटांच्या वर. शाळेत असल्यापासून ती पायाशी स्टूल आणि त्यावर उशी ठेवून झोपायची. ती परदेशी गेल्यावर काकांना त्या स्टुलाकडे बघवेना. त्यांनी गल्लीतल्या सुताराकडून सागवानी पलंग करून घेतला. माप घ्यायचं होतं खोलीचं, घेतलं गौरीचं. पलंग हातभर दाराबाहेर आला. तेव्हापासून त्या खोलीचं दार लागलेलं नाही. काकू येता-जाता ठेचकाळतात आणि काकांचा उद्धार करतात. पाहुणा टेकायला गेला की काका त्याला हाताला धरून उठवतात, 'तिथे रिझर्व्हेशन आहे.'

गौरी मात्र त्यावर एक रात्रही झोपलेली नाही. हिवाळाभर तिकडचे सामने, उन्हाळ्यात भारतीय संघाचं शिबिर. झाशीला सकाळच्या गाडीने येते, संध्याकाळच्या गाडीने जाते. 'जरा पाठ टेक,' काका दुपारी म्हणतात. ती हसते, 'बाबा, आँख लग गई तो गाडी छूट जाएगी.'

यंदा तिच्या गुडघ्याने दगा दिला. हा शेवटचा हंगाम, असं तिने कळवलं. काका गुडघ्यासाठी हळहळले, अगदी मनापासून हळहळले, आणि त्याच दुपारी नवी गादी घेऊन आले.

परवा तिचा फोन आला तेव्हा मी तिथेच चहा पीत होतो. पोर्तुगालच्या क्लबने तिला मुलींच्या संघाची कोच केलं होतं. 'बाबा, मी इथेच राहते आहे. तुम्ही रागावले तर नाही ना?'

'रागावू कशाला? प्रमोशन आहे! क्वार्टर मोठं मागून घे,' काका म्हणाले. पेढे आले. मला देताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी काकूंनी सुताराला बोलावलं. 'आता तरी दार लागू दे,' त्या म्हणाल्या. मापासाठी सुताराने त्यांनाच आडवं व्हायला सांगितलं. काका नव्या गादीवर निजले. त्यांचे पाय संपले तिथे सुताराने पेन्सिलीने रेघ मारली. रेघेपुढे बराच पलंग उरला होता. सुताराने करवत उचलली.

काका ताडकन उठून बसले. 'रहने दो, भैया. फिर वो पैर कहाँ रखेगी?'

सुतार काकूंकडे बघू लागला. मला वाटलं, आता काकू कडाडणार. पण त्यांनी सुताराला चहा दिला, पाठवून दिलं. मग आतून एक जुनी मऊ चादर आणली आणि दाराबाहेर आलेल्या त्या टोकाला, ठेच लागू नये म्हणून, नीट गुंडाळून बांधली.