अस्सल सामानाचं शूटिंग

माणूस फसायला फसवणारा लागतो, असा सर्वत्र समज आहे. तो चुकीचा आहे. फसवणाऱ्याचं काम किरकोळ असतं; तो येतो, बोलतो आणि निघून जातो. खरी मेहनत फसणाऱ्याला करावी लागते, आणि तिची कुणी दखल घेत नाही. कोल्हारहून आत, प्रवरेच्या काठी असलेल्या एका गावाने चौऱ्याण्णव साली ही मेहनत, जिल्ह्याच्या परंपरेला धरून, सहकारी तत्त्वावर करून दाखवली. (गावाचं नाव इथे दिलेलं नाही. तशी गावाची विनंती आहे. शेजारच्या गावांना ते माहीत आहेच.)

या गावात चांगुणाबाई राहत. नवरा साखर कारखान्यात, तोही हंगामापुरता. बाकी घर चालायचं ते ओसरीवरच्या शिलाई मशीनवर. गावातल्या बहुतेक ब्लाउजांची मापं चांगुणाबाईंना तोंडपाठ होती आणि ती त्यांनी कधी कुणाला सांगितली नाहीत, यावरून त्यांची योग्यता कळावी. त्यांना आजवर कुणी फसवलेलं नव्हतं. जुन्या साड्यांवर भांडी देणारी बोहारीण त्यांची गल्ली टाळायची. भंगारवाला त्यांच्या दारात आपण होऊन वजनाला थोडं जास्त धरायचा. गावात कुणी काही नवं घेतलं की आधी चांगुणाबाईंना दाखवायचं आणि मग पस्तावायचं, असा क्रम होता.

दिवाळीनंतर, ऊसतोड ऐन भरात असताना, गावात एक मेटाडोर आली. तिच्यातून तिकाटण्यावर बसवलेला कॅमेरा उतरला आणि मागोमाग टोपी घातलेला एक गृहस्थ उतरला. त्याने आपलं नाव शौनक सांगितलं. गावात त्या नावाचं कुणीच नसल्यामुळे ते खरं मानण्यात आलं.

शौनकसर टीव्हीसाठी विनोदी मालिका काढत होते. पहिल्याच भागाची गोष्ट अशी होती की, गावात एक ठग येतो, गोड बोलून सगळ्यांचं सामान टेम्पोत भरतो आणि पसार होऊ लागतो.

"स्टुडिओत हे खोटं वाटतं," शौनकसर पारावर उभं राहून म्हणाले. "मला अस्सल गाव पाहिजे. अस्सल माणसं, अस्सल सामान."

ही तिन्ही गावाजवळ होती. सरपंच सहादूआप्पांनी तिथल्या तिथे आपला रंगीत टीव्ही देऊ केला.

फक्त चांगुणाबाई पुढे झाल्या. त्यांनी कॅमेऱ्याला एक फेरी घातली आणि विचारलं, "ह्यात रीळ हाय का?"

शौनकसरांनी टोपी काढली.

"बाई," ते भारावून म्हणाले, "किती गावं फिरलो. हा प्रश्न विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या. गोष्टीत एक शहाणी बाई आहे. सगळं गाव फसतं, ती एकटी ठगाला ओळखते. ती मला सापडत नव्हती. आज सापडली."

चांगुणाबाईंनी पदर सारखा केला. असं त्यांच्याबद्दल गावात सगळे समजून होते, पण तोंडावर कुणी म्हटलं नव्हतं. नवऱ्याने तर नाहीच. त्या गडबडीत रीळ आहे की नाही, याचं उत्तर राहून गेलं.

शौनकसरांनी एक टेम्पो मागवला आणि तालमी सुरू झाल्या. चांगुणाबाईंचा संवाद असा होता: "थांबा! ह्यो माणूस ठग हाय! माझं मशीन खाली उतरवा!" तो त्यांनी चुलीपुढे म्हटला, नदीवर धुणं आपटताना म्हटला, गिऱ्हाइकाच्या बाह्यांचं माप घेताना म्हटला. निवृत्त शिक्षक नारायण गुरुजींनी 'ठग'ऐवजी 'भामटा' आणि 'हाय'ऐवजी 'आहे' सुचवलं. शौनकसरांनी गुरुजींना भाषा सल्लागार नेमलं आणि संवाद तसाच ठेवला. गावच्या पोलीस दूरक्षेत्रातल्या हवालदारांना झोपलेल्या हवालदाराचं काम मिळालं. त्यांना तालीम लागली नाही.

तालमीत एक अडचण आली. टेम्पो हलला आणि चांगुणाबाई ओरडल्या, तेव्हा दोन तरणी पोरं भान विसरून खरंच टेम्पोला आडवी गेली. शौनकसर चिडले.

"कुणी पळायचं नाही! बाई ओरडते आणि गाव तिला हसतं, यातच तर विनोद आहे. तुम्ही नुसतं हसा."

गाव कसून हसायला शिकलं. लंकाबाई या चांगुणाबाईंच्या शेजारणीला आधी हसू येईना, कारण दोघींचं गूळपीठ होतं. तिने ते चार दिवसांच्या सरावाने जमवलं.

शूटिंगच्या दिवशी टेम्पोत पुढीलप्रमाणे अस्सल सामान चढलं: गावात होते तेवढे सगळे टीव्ही, सहादूआप्पांची मोटरसायकल, भांड्यांसह लंकाबाईंचा मिक्सर, तांब्याचे हंडे, लग्नातले शालू, देवळाचा लाउडस्पीकर, आणि गुरुजींचा रेडिओ, जो बंद होता, पण आपलं काही असावं म्हणून त्यांनी दिला. चढवायला अख्खं गाव राबलं. काचेच्या वस्तूंना कुणीतरी घरून गोधड्या आणून गुंडाळल्या.

"बाईंचं मशीन राहू दे," शौनकसर म्हणाले. "पोटापाण्याची वस्तू आहे. मशीन नसताना नुसतं ओरडलं, तर डोळ्यांत कळकळ येईल का, एवढीच शंका."

"येईल म्हंजे? मशीन चढवा," चांगुणाबाई म्हणाल्या. "आन् मागं ठेवा, दिसलं पायजे." आणि दोरी त्यांनी स्वतःच्या हाताने बांधली.

ठगाचं काम करणाऱ्या मुंबईच्या नटाला ऐनवेळी ताप आला, म्हणून शौनकसर स्वतः टेम्पोत बसले. कॅमेरा आपोआप चालतो, असं त्यांनी गावाला समजावून दिलं. शिट्टी वाजली. टेम्पो हलला.

"थांबा! ह्यो माणूस ठग हाय! माझं मशीन खाली उतरवा!" चांगुणाबाई कडाडल्या. काम इतकं चोख वठलं, की त्यांनी अभिमानाने कॅमेऱ्याकडे पाहिलं. कॅमेऱ्याच्या भिंगावर झाकण होतं.

तालमीत टेम्पो कालव्याच्या पुलाशी थांबायचा. आज त्याने तिथे गिअर बदलला.

"आवो, खरंच चोर हाय त्यो!" चांगुणाबाईंचा आवाज फाटला. "रीळ न्हाई त्यात! धावा! माझं मशीन चाललं!"

गाव हसलं. असं हसलं, की पारावरची कुत्री उठून गेली.

"लंके, तू तरी! खरं बोलतीय मी!"

लंकाबाईंना सगळ्यात जास्त हसू आलं. "काय ॲक्टिंग करती बया," सहादूआप्पा डोळे पुसत म्हणाले. गुरुजी तेवढे नाराज होते. ही वाक्यं संहितेत नव्हती.

चांगुणाबाई पळाल्या. चप्पल तुटली, पदर सुटला, तरी पार नगर-मनमाड रस्त्यापर्यंत पळाल्या. तोवर टेम्पो उसाच्या ट्रकांमध्ये मिसळून गेला होता. त्या धापा टाकत परत आल्या, तेव्हा गावाने टाळ्या वाजवल्या आणि मागून कुणीतरी वन्स मोअर दिला.

संध्याकाळी मेटाडोर आणि तिचा ड्रायव्हरही दिसेना, तेव्हा कॅमेरा उघडण्यात आला. आत भेळेचा कागद होता.

दूरक्षेत्रात तक्रार द्यायला गाव एकत्रच गेलं.

"सामान चढवलं कुणी?" हवालदारांनी विचारलं.

"आमीच."

"जाताना अडवलं का न्हाई?"

"हसत हुतो."

"मग चोरी झाली कधी?" असं म्हणून हवालदारांनी वही मिटली. त्या वेळी हवालदार कुठे होते, हा प्रश्न निघण्याची शक्यता असल्याने, प्रकरण सामंजस्याने मिटलं.

चांगुणाबाई कितीतरी दिवस ओसरीत मशीनच्या रिकाम्या जागेकडे पाठ करून बसायच्या आणि हातशिलाई करायच्या. मशीन गेल्याचं दुःख त्यांना होतंच. पण आयुष्यात सगळ्यात खरं जे त्या बोलल्या, त्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या, हे त्यांना जास्त लागलं. लंकाबाई एकदा समजूत काढायला आली आणि म्हणाली, "पर काय बी म्हण, काम लई ब्येस केलंस." त्यानंतर दोघी सहा महिने बोलल्या नाहीत.

गावाचं अधिकृत म्हणणं मात्र वेगळं ठरलं. शूटिंग खरंच होतं, कंपनी बुडाली. भाग आज ना उद्या लागेल. घरात टीव्ही न उरल्यामुळे मंडळी तो बघायला शेजारच्या गावात जात. तिथे लोक त्यांना पोट धरून हसत. हसून झाल्यावर त्यांतला प्रत्येकजण बाजूला घेऊन हळूच विचारी, "गोष्टीत पोस्टमन हुता का? मला जमला असता."

तुम्हीही इथवर हसत आला असाल, तर आपल्याला कोणतं काम शोभलं असतं, हे मनाशी ठरलेलंच असेल. सरपंच, हवालदार, गर्दीतला माणूस, ज्याला जे आवडेल ते. आपण त्यातले नव्हेच, आपण तर पहिल्याच दिवशी त्या ठगाला ओळखलं असतं, असं ज्यांना वाटतं, त्यांनी जरा थांबावं. ते काम चांगुणाबाईंना दिलं होतं.