नदी डाव्या हाताला ठेवून

रेजिस पुजेनं लाव्हाल शहरात उभा जन्म बस चालवली आणि निवृत्त झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी घरची मोटार विकून टाकली. हॉर्न नको, सिग्नल नको, मागून आईबापांचा उद्धार करणारे नकोत! त्यानं दोन सायकली आणल्या, एक स्वतःला, एक बायकोला. तेव्हापासून जगातल्या कुठल्याही प्रश्नावर त्याच्याकडे एकच उत्तर असायचं : मायेन नदीच्या काठची वाट! पूर्वी या वाटेवरून घोडे नावा ओढत नेत. आता तिथे गाड्यांना सक्त बंदी. पायी चाला नाहीतर सायकल हाणा.

"रविवारी व्याह्यांकडे आपण सायकलनं जायचं," त्यानं जाहीर केलं.

ओदीलच्या हातातला कप बशीवर आदळला. "पहिल्यांदा भेटतोय आपण त्यांना! घामाघूम होऊन जायचं?"

"अगं, सपाट वाट आहे! नदी डाव्या हाताला ठेवायची आणि पायडल मारायचं. शेंबडं पोरसुद्धा बाराच्या ठोक्याला पोचेल. त्यात चुकणार काय, कप्पाळ?"

ओदीलला त्या जेवणाची धास्ती होती, आणि ती काही घामामुळे नव्हती. होणारी विहीणबाई, मादाम व्हेर्न्योल, शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. लग्नाला येणाऱ्यांची मुलाकडची यादी शंभराच्या वर गेल्याचं त्यांनी फोनवर सांगितलं आणि सहज विचारलं, "मुलीकडून किती?" ओदील अनाथाश्रमात वाढलेली. रेजिस एकुलता एक, आईवडील कधीच गेलेले. "आम्ही दोघं," ओदील म्हणाली. पलीकडून नुसतं "अच्छा" आलं. त्या 'अच्छा'नं तिची झोप उडवली होती.

"मुलीच्या बाजूला दोन खुर्च्या, रेजिस! बाकीच्या खुर्च्यांवर काय हवा बसवायची?"

 रेजिसनं उठून सायकलींना तेल घातलं. निदान ही पहिली भेट तरी झोकात व्हायला हवी, एवढं मात्र दोघांनी ठरवलं.

रविवारी निघाले. ओदीलनं इस्त्रीचा झगा घातला होता. तिच्या सायकलच्या मागच्या पिशवीत तळाशी फोन आणि वर रिबीन बांधलेला स्ट्रॉबेरीचा केक. सोलेननं, म्हणजे त्यांच्या लेकीनं, पत्ता तीनतीनदा सांगितला होता. नदीच्या अमुक दरवाज्यापाशी घर, पांढऱ्या भिंती, निळ्या खिडक्या, अंगणात अक्रोडाचं झाड. रेजिसनं भिंती, खिडक्या आणि अक्रोड पाठ केले. दरवाज्याचं नाव तेवढं सोडून दिलं.

आता घोळ असा, की मायेन नदीवर पाणी अडवून बोटी चढवा-उतरवायचे दरवाजे एक-दोन नाहीत, ओळीनं आहेत. प्रत्येक दरवाज्याशी राखणदाराचं एक घर. आणि सरकारनं कुठल्याशा जमान्यात ती सगळी एकाच नकाशावरून बांधली!

वाट मात्र अशी होती, की ओदीलसुद्धा धास्ती विसरली. पाण्यावर झुकलेली झाडं, पलीकडे गवतात बसलेल्या गाई, आणि चाकांखाली वाळूची बारीक करकर. एक बगळा त्यांच्या पुढे पुढे उडत राहिला. रेजिस त्याला घंटी वाजवून सलाम करत होता.

"आलं!" तो ओरडला. पांढऱ्या भिंती, निळ्या खिडक्या, अक्रोड! झाडाखाली लांबच लांब टेबल आणि भोवती पंचवीस-तीस माणसं.

"इतकी?" ओदीलनं ब्रेक दाबला. "सहाच जण जेवणार म्हणाल्या होत्या ना!"

"मुलाकडची मंडळी आहे. आपल्याला बघायला जमली असतील. हस!"

सायकल उभी करायच्या आत माणसं धावून आली. या खोऱ्यात गालाला गाल लावून चार पापे घ्यायची रीत आहे, आणि ती कुणी चुकवत नाही. आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं म्हणतात. इथे पहिल्याच आलेल्या आजीबाईंना सगळे आत्याबाई म्हणत होते, आणि मिशा होत्या! चारही वेळा टोचल्या.

"अगदी एमिलवर गेलाय हा! तेच नाक!" आत्याबाई रेजिसचे गाल धरून म्हणाल्या.

कोण एमिल? पण ज्याचे चार पापे घेतले त्याला 'आपण कोण?' असं विचारण्यापेक्षा माणूस नदीत उडी टाकेल. रेजिसनं नाक पुढे केलं आणि म्हणाला, "सगळे तसंच म्हणतात!"

"मुलं कुठेयत?" सोलेन आणि होणारा जावई दिसेनात, म्हणून ओदीलनं हळूच विचारलं.

"नदीवर गेलीयत. येतील गं, तू बस आधी!"

'तू' ऐकून ओदीलला धक्काच बसला. मुख्याध्यापिकेच्या घरात पहिल्या भेटीत 'तू'! आणि आपण उगाच घाबरत होतो. तेवढ्यात कुणीतरी केक उचलून आत नेला, कुणी हातात सायडरचा, म्हणजे सफरचंदाच्या दारूचा, पेला दिला, आणि दोघांना टेबलाच्या मधोमध बसवलं.

मग जेवण सुरू झालं. डुकराच्या मांसाचा चटणीसारखा मऊ रियेत पावावर थापून. मग सायडरमध्ये शिजवलेली कोंबडी. मग पुन्हा कोंबडी, कारण आत्याबाईंच्या मते एमिलची मुलं कधी एका वाढपात उठली नव्हती. लेकीच्या सासरच्या माणसांसमोर नाही कसं म्हणायचं? रेजिसनं पट्टा एक भोक सैल केला. चीज आलं, दुसरं भोक गेलं. शेवटी आतून केक आला. तोच, स्ट्रॉबेरीचा! त्यावर मेणबत्त्या लावलेल्या, आणि आत्याबाईंनी त्या फुंकल्यासुद्धा!

"आज वाढदिवस आहे वाटतं विहीणबाईंच्या आत्याचा," रेजिस कुजबुजला. "बघ, किती वेळेवर आणला आपण!"

"पण विहीणबाई कुठेयत? आणि सोलेन?"

"नदीवर!" रेजिस म्हणाला. सायडर अंगात मुरला होता. तो पेला घेऊन उभा राहिला. "मंडळी! आम्ही भीत भीत आलो होतो. आमच्याकडे माणसं नाहीत. पण तुम्ही आम्हांला जे प्रेम दिलंत... माझी मुलगी तुमच्या मुलाशी लग्न करणार याचा मला अभिमान आहे! लग्नाला सगळे या! एकजण जरी घरी राहिला तरी माझ्याशी गाठ आहे!"

टाळ्या पडायला हव्या होत्या. पण काटे-चमचे हवेत थांबले.

"तुझी मुलगी," एक टक्कल पडलेला गृहस्थ सावकाश म्हणाला, "आपल्यातल्या कुणाच्या मुलाशी?"

"म्हणजे काय, तुमच्याच!"

"अरे, पण आपण सगळी चुलत भावंडं ना!"

एकदम गलका उडाला. एक बाई आपल्या थोरल्याकडे डोळे वटारून बघायला लागली. थोरला म्हणाला, "मी नाही हो!" दुसऱ्या बाईनं न विचारताच शपथ घेतली. आत्याबाईंनी काठी आपटली, "घरातल्या घरात सोयरीक? माझ्या हयातीत नाही! एमिलच्या पोरा, खाली बस!"

"एमिल कोण?" अखेर रेजिसनं विचारलं.

आणि मग सगळं उलगडलं. एमिल म्हणजे आत्याबाईंचा भाऊ, आणि रेजिसला त्याचाच मुलगा समजून बसवलं होतं. दर दोन-तीन वर्षांनी या घराण्यातली झाडून सगळी भावंडं एका ठिकाणी जमायची. निम्म्यांना निम्मे ओळखत नसत. म्हणून कुणी कुणाला विचारत नसे, पापे घेऊन बसवायचं! व्हेर्न्योल मंडळी राहत होती नदीवरच्या पुढच्या दरवाज्याशी. तेही घर पांढरं, त्याच्याही खिडक्या निळ्या!

ओदील पिशवीकडे धावली. सोलेनच्या फोनांचा खच पडला होता. दुपारचं जेवण कुठल्याही सभ्य घरात आटपायची वेळ झाली होती, आणि केकची शेवटची स्ट्रॉबेरी आत्याबाईंच्या ताटलीत होती.

ओदील तिथेच सायकलशी टेकून रडायला लागली. आणि एकदा रडायला लागली तेव्हा सगळंच बोलली, मुलाकडचे शंभर, तो 'अच्छा', आणि दोन खुर्च्या. "आता म्हणतील, दोघंच होते, तेही वेळेवर येऊ शकले नाहीत!"

रेजिस नुसता उभा. नदीकडे बघत होता, जणू सगळा दोष तिचाच!

आत्याबाईंनी तोंड पुसलं. "सायकली काढा," त्या म्हणाल्या.

"कुणाच्या?"

"सगळ्यांच्या!"

व्हेर्न्योलांच्या फाटकाशी मादाम हाताची घडी घालून उभ्या होत्या. मागे सहा जणांचं कोऱ्या चादरीचं टेबल. पाहुणे आल्याशिवाय घास घ्यायचा नाही, या नियमापायी त्यांचे यजमान खुर्चीत पांढरेफटक पडले होते. सोलेनचे डोळे लाल झाले होते. अशा वेळी वाटेच्या वळणावरून आधी एक तीनचाकी सायकल आली. पुढच्या खोक्यात, जिथे नातवंडं बसवतात तिथे, आत्याबाई. मागे रेजिस आणि ओदील. आणि त्यांच्या मागे सायकली, सायकली, सायकली! कुणाच्या टोपलीत सफरचंदाची पेस्ट्री, कुणाच्या काखेत सायडरच्या बाटल्या.

"आपण?" मादामनी आत्याबाईंना विचारलं.

"आम्ही मुलीकडचे."

मादामनी रांग पाहिली. ती अजून संपत नव्हती. "फोनवर दोघंच म्हणाल्या होत्या."

"दोघं जवळचे. बाकीचे आम्ही."

"आणि इतका उशीर?"

"पंक्चर."

"इतक्या सगळ्यांचं?"

"एकाचं. पण आमच्यात एकाचं चाक बसलं, की सगळे थांबतात."

 मादामनी ओदीलकडे पाहिलं. ओदीलला इतकं भरून आलं होतं, की तिला खोटंही बोलता येईना आणि खरंही. मग मुख्याध्यापिकाबाईंनी हाताची घडी सोडली आणि गाल पुढे केला. चार पापे, गुणिले पंचवीस-तीस. शेवटच्या भावंडापर्यंत पोचेस्तोवर त्यांच्या अंबाड्याच्या दोन पिना निघाल्या होत्या आणि त्या चक्क हसत होत्या.

"खुर्च्या आणा रे वरच्या! मेंढीची तंगडी सगळ्यांना पुरायची नाही."

"आमची काळजी नको," आत्याबाई म्हणाल्या, "आमचं जेवण झालंय."

"पण यांचं? पंक्चरपायी सकाळपासून उपाशी असतील बिचारे!" मादामनी मेंढीचा सगळ्यात मोठा तुकडा, वर डोंगराएवढी घेवड्याची उसळ आणि अर्धा पाव रेजिससमोर ठेवला. "मुलीच्या वडिलांचा मान पहिला. काही शिल्लक ठेवलंत तर मला वाईट वाटेल हं!"

रेजिसनं पट्ट्याला हात लावला. भोकं संपली होती. मोठ्या आशेनं त्यानं मान वळवून आपल्या माणसांकडे पाहिलं.

मुलीकडच्या एकानंही तोंड उघडलं नाही.