दिशाची एकाग्रता

मिरजगावच्या सहादेव आणि रतनबाई यांची मुलगी दिशा अकरावीत होती आणि तिच्यात एक गंभीर दोष होता. झोप आली की ती झोपायची. तिच्या क्लासचे संचालक राधाकृष्ण सर यांनी ही बाब पालकांच्या निदर्शनास आणून दिली आणि उपाययोजना म्हणून एक गोळी सुचवली. पाकिटावर औषधाचं नाव नव्हतं. नाव असलं की ते औषध होतं, आणि औषध सुचवण्याचा सरांना अधिकार नव्हता.

परिणाम लगेच दिसला. दिशाने रसायनशास्त्र संपवलं, शेजारच्या पोराचा भूगोल संपवला आणि तरीही वेळ उरला म्हणून बाजरीचे दाणे उंचीप्रमाणे रांगेत लावले.

"आवं, पोरगी डोळाच मिटंना!" रतनबाई धास्तावल्या.

"आत्ता कुठं उघडलेत, आन् तू मिटायचं बोलती व्हय!" सहादेव म्हणाले आणि ती रांग दाखवायला भावकीला बोलावून आले.

वर्ष सरता सरता दिशा दाखवण्यासारखी राहिली नाही. हात थरथरायचे, छाती धडधडायची, जेवण जाईना. रतनबाईंनी गोळ्या मोरीत ओतल्या. दिशा गाढ झोपली, उठली, पुस्तकाचं एक पान वाचलं आणि ते उलटून म्हणाली, "आई, मागल्या पानावर काय हुतं गं?"

महिने गेले, पण मागलं पान परत आलं नाही. सहादेव सरांकडे धावले.

"गोळी चालू असताना विसरण्याची तक्रार होती?" सरांनी विचारलं.

"न्हाई."

"बंद कुणी केली?"

"आमीच."

"मग दोष बंद करण्याचा," सरांनी निकाल दिला.

सहादेवांनी शिक्षण खात्यात अर्ज केला. खात्याने प्रकरणाची गंभीर दखल घेऊन पालक मेळावा भरवला. तिथे डॉक्टर आयेशा शेख यांनी कळवळून सांगितलं, "या वयात मेंदू घडत असतो. डॉक्टरांनी तपासून दिलेलं औषध वेगळं. अशा चोरट्या उत्तेजक गोळ्यांनी शिकायची, लक्षात ठेवायची ताकद कमी होऊ शकते. गोळी सुटली तरी त्रास सुटेलच असं नाही."

मग दिशा उभी राहिली. "मला तुमाला एवढंच सांगायचंय, की..." ती थांबली. ओढणीचं टोक चाचपत राहिली. "आत्ता आठवत हुतं."

बायकांनी पदर डोळ्यांना लावले. अखेर एका पालकांनी धीर करून हात वर केला.

"मॅडम, हा त्रास परीक्षेच्या आधी होतो की नंतर?"

"नंतरही राहू शकतो, हेच तर मी—"

'नंतर' एवढा शब्द सर्वांनी टिपून घेतला. पाठोपाठ व्यासपीठाकडे चिठ्ठ्यांची रीघ लागली. हस्ताक्षरं वेगवेगळी, प्रश्न एकच: गोळी मिळते कुठं?

दिशाचा चेहरा उजळला. कितीतरी महिन्यांनी तिला एखादं उत्तर चटकन आठवलं होतं. तिने तोंड उघडलं आणि रतनबाईंनी झेप घेऊन त्यावर हात दाबून धरला.

त्यामुळे गोळी मिळायच्या त्या दुकानाचं नाव कुणालाच कळलं नाही. ते या कथेतही कुठे नाही. आपण उगाच पुन्हा वरून वाचायला घेऊ नये.