गंगाखेडच्या घाटावरची बैलगाठ

दिनकररावांना फसवणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. ही बातमी पाथरी तालुक्यात पसरवली होती खुद्द दिनकररावांनीच. त्यांचा भरवसा कुणावर म्हणून नव्हता. सकाळी दूध आलं की ते मापून घेत, आणि म्हैस घरचीच होती! कुलूप लावलं की तीनदा ओढून बघत आणि मग पार्वतीबाईंना ओढून बघायला लावत.

अशा माणसाला लेकीचं लग्न जमवायचं होतं. मनकर्णेची चार स्थळं त्यांनी नुसत्या संशयावर मोडली होती. एक व्याही फार गोड बोलला. दुसरा बोललाच नाही. तिसऱ्याच्या घरी जेवणात तूप जास्त वाढलं, म्हणजे काहीतरी लपवायचं असणार. चौथ्यात काहीच खोट निघेना, आणि त्यांना तेच खटकलं. आता महिन्याभरात सिंहस्थ लागणार होता. एकदा तो लागला की तेरा महिने लग्नाचं नाव नाही.

"हे पाचवं बी मोडलं ना," पार्वतीबाईंनी निक्षून सांगितलं, "तर पोरीला घिऊन मी माहेरी जाते. माजा भाऊ जमवल तिचं. तुमी बसा इतं कुलपं ओढीत."

हे पाचवं स्थळ दिनकररावांच्या नात्यातल्या बन्सीधरनं आणलं होतं. मुलाचे वडील किशनराव, आई चतुराबाई. चतुराबाई म्हणजे बन्सीधरची मावसबहीण. दोन्ही घरांनी एकमेकांना पाहिलेलं नव्हतं. बन्सीधरनं बेत आखला की सोमवती अमावास्येला दोघांनीही गंगाखेडला यावं, गंगेत स्नान करावं, दुपारी जनाबाईच्या देवळामागच्या धर्मशाळेत बसून सुपारी फोडावी आणि संध्याकाळच्या गाडीनं आपापल्या घरी जावं.

दिनकररावांनी जायचा बंदोबस्त केला. सोमवतीला नवरा-बायको उपरण्याला पदराची गाठ मारून पाण्यात उतरतात. लोक ती गाठ घाटावर मारतात, दिनकररावांनी घरूनच मारली. तीही साधी नव्हे. बैल दाव्याला बांधतात ती, ओढावी तितकी आवळणारी.

परभणीला गाडी बदलताना बायका जनाना डब्याकडे निघाल्या. पार्वतीबाईही निघाल्या, पण गाठीनं मागं ओढल्या गेल्या.

"तिकडं तुला कुनी पळवलं तर मला कसं कळंल?" दिनकरराव म्हणाले.

"ह्या वयात मला कोन पळवतंय?"

"तेच तर. कुनाला संशय येऊ न्हाई म्हनून असलीच बघून पळवत्यात."

पुरुषांच्या डब्यात समोरच्या बाकावर एक लाल पटकेवाला बसला होता. मिशा केरसुणीसारख्या. आपल्या गाठोड्यावर तो कोंबडी अंड्यावर बसते तसा बसला होता, आणि नजर दिनकररावांवर रोखली होती.

"चोर हाय," दिनकरराव बायकोच्या कानात पुटपुटले. "कवापासून आपल्या गाठोड्याकडं बघायलाय."

"तुमी बी त्येंच्या गाठोड्याकडं बघायलाव. ते तुमाला चोर समजत असतील."

एवढ्यात पटकेवाल्यानं विचारलं, "पावनं कुठलं?"

"हिंगोलीचे," दिनकररावांनी ठोकून दिलं. चोराला खरं गाव सांगायला ते काही खुळे नव्हते. "आन तुमी?"

"आमी नांदेडचे," पटकेवाला म्हणाला. ते त्याच्या तोंडावरून खरं वाटत नव्हतं.

घाटावर माणसाला माणूस लागत होतं. दिनकररावांनी गाठोडं डोक्यावर धरूनच बुडी मारली, त्यामुळे डोकं कोरडं राहिलं आणि पुण्य गळ्यापर्यंतच लागलं. बाहेर आल्यावर मात्र गाठ सोडावीच लागली, कारण पार्वतीबाईंना कोरडं लुगडं नेसायचं होतं. ओली गाठ दातांनी सोडताना दिनकररावांचे दोन दात हलले. गाठोडं पार्वतीबाईंकडे आलं.

घाटाची रीत अशी की बायकांनी घोळक्यानं लुगडी बदलायची आणि घरच्या माणसांनी त्यांच्याकडे पाठ करून धोतराचा आडोसा धरायचा. दिनकरराव पाठ करून उभे राहिले. समोर बघतात तर पाण्यात तोच केरसुणी मिशांचा माणूस! छातीएवढ्या पाण्यात उभा राहून तो थेट त्यांच्याकडेच बघत होता.

"आला मागं," दिनकरराव मनात म्हणाले. "आता हितं थांबण्यात राम न्हाई."

त्याच्यावरची नजर न काढता त्यांनी हात मागं नेला, हाताला लागला तो पदर धरला आणि उपरण्याला बैलगाठ मारली. लाल काठाचं हिरवं लुगडं, पार्वतीबाईंचं होतं तसलंच. मानवतच्या बाजारातलं ते लुगडं त्या दिवशी घाटावर शंभरजणींच्या अंगावर होतं.

"बोलू नको. गुमान चल," त्यांनी मागं न बघताच हुकूम सोडला आणि ते निघाले.

मागून पाण्यात मोठा धबधबाट झाला. "आरं धरा त्याला! चोर!" पटकेवाला ओरडत होता. पटका नाही, धोतर नाही, नुसत्या ओल्या पंच्यानिशी तो पायऱ्या चढत होता.

स्वतः चोर असून चोर म्हणून ओरडायचं, ही हुशारी दिनकररावांनी ऐकली होती, आज पाहिली. ते पळत सुटले. बुक्क्याच्या दुकानावरून, भांड्यांच्या गल्लीतून, एका म्हशीच्या पोटाखालून जावं की काय असा क्षणभर विचार करून, तिला वळसा घालून. गाठ ताणली जात होती, आणखी आवळत होती. मागची बाई एक शब्द न बोलता, डोळ्यांवर पदर ओढून धावत होती. पार्वतीबाई आज किती शहाण्यासारख्या वागताहेत, याचं त्यांना फार कौतुक वाटलं.

धर्मशाळेत बन्सीधर अडकित्ता आणि पानाचं तबक मांडून बसला होता. त्यानं वर पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"दिनकरराव, ह्या तुमच्या होनाऱ्या ईनबाईला कुठं गाठलं तुमी? आन पार्वतीवहिनी कुठायत?"

"कोन ईनबाई?"

पदराआडून आवाज आला, "बन्सीदादा?"

पदर वर झाला. दिनकररावांनी जन्मात न पाहिलेली बाई त्यांच्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावरही तोच प्रश्न होता. दिनकरराव गाठ सोडायला गेले तर ती लोखंडासारखी घट्ट.

तोवर पंचेवाला आलाच, सोबत पोलीस जवान घेऊन. "ह्योच तो! हिंगोलीचा! माजी बायकू पळवायलाय!"

"आन ह्यो नांदेडचा," दिनकरराव क्षीण आवाजात म्हणाले.

"कसलं नांदेड? किशनराव हायेत हे," बन्सीधर कपाळाला हात लावून म्हणाला. "तुमचे इवाई, पोराचे वडील."

जवानानं एकदा या नवऱ्याकडं पाहिलं, एकदा त्या नवऱ्याकडं, मग गाठीकडं. "पैले ये ठैराव, बीबी किसकी है," तो म्हणाला, आणि तबकातलं एक पान उचलून निघून गेला.

"मोडलं," किशनराव पंचा सावरत म्हणाले. "असल्या घरातली पोरगी मला नको."

दिनकररावांना प्रथमच कळलं की स्थळ दुसऱ्यानं मोडलं तर कसं वाटतं. मनकर्णेचा चेहरा डोळ्यांपुढं आला. तेरा महिने. त्यांना खरोखर रडू येईल असं वाटलं.

तेवढ्यात पार्वतीबाई आल्या. हातात गाठोडं, खांद्यावर परक्याचं धोतर, डोक्यावर दुसरं गाठोडं आणि त्यावर लाल पटका.

"हे घ्या तुमचं," त्या किशनरावांना म्हणाल्या. "घाटावर तसंच टाकून पळालाव. चोरांनी नेलं असतं."

"अगं, मी दुसरीला घिऊन चाललो ते दिसलं न्हाई तुला?" दिनकरराव कळवळले.

"दिसलं की. म्हनलं, पोचतील धर्मशाळेत. तेवढंच घटकाभर मोकळी चालले."

किशनराव बायकोकडे वळले. "आन तू? परका मानूस वढीत नेतो, आन तू वरडली न्हाईस?"

"मला काय म्हाईत परका?" चतुराबाई म्हणाल्या. "तोंडावर पदर. समोर दिसलं ते नुसतं धोतर. 'बोलू नको, गुमान चल' म्हनले, आन पळाया लागले. मला वाटलं तुमीच हाव."

चतुराबाईंनी पार्वतीबाईंकडे पाहिलं, पार्वतीबाईंनी त्यांच्याकडे.

"दादा, सुपारी फोड," चतुराबाई म्हणाल्या. "आमच्या घरात नांदाया पोरीला निराळं शिकवाया नको. असल्या बापाकडंच वाढलीय."

पण सुपारीआधी अडकित्ता गाठीला लागला. सवाष्णीचा पदर कापत नाहीत, म्हणून उपरणं कापलं. मग सुपारी फुटली, आणि लग्न सिंहस्थाच्या आत ठरलं.

परतीच्या गाडीला फलाटावर दिनकररावांनी आपल्या उपरण्याचा उरलेला तुकडा पुन्हा काढला. पार्वतीबाईंनी पदर आधीच कमरेला घट्ट खोचला होता आणि त्या जनाना डब्याकडे चालू लागल्या होत्या. दिनकरराव त्यांच्यामागं धावले आणि त्या आत बसल्यावर खिडकीशी तोंड नेऊन दबक्या आवाजात म्हणाले, "अगं, ऐक. माजं अर्धं उपरनं ईनबाईच्या पदरालाच ऱ्हायलं. मुद्दाम ठिवून घेतलं असंल का गं त्येनी?"