नरहरीच्या तीन पेट्या

नरहरीने चालू कॉम्प्युटरची वायर भिंतीतून उपटली. मुद्दाम. माझ्या डोळ्यांदेखत. ठिणगी उडाली, पेटीतून धूर निघाला. आयुधपूजेचा दिवस. मी विळीला हळदकुंकू लावून त्याला प्रसाद द्यायला वर गेले होते.

"अरे मेल्या, काय केलंस हे? आज यंत्राला हात लावायचा नसतो!"

"तपासलं," तो म्हणाला. "काळजी नको अक्का. केलगेरीला प्रत आहे."

हा नरहरी केशवापुरात माझ्याकडे वरच्या खोलीत भाड्याने राही. चाळिशीचा, एकटा, कॉम्प्युटरच्या कंपनीत. माहिती एका पेटीत न ठेवता तीन पेट्यांत कशी वाटायची, हे तो सुट्टीतही तपासत बसे. रोज लागणारं ते 'गरम', ते वरच्या वेगवान पेटीत. महिनाभर कुणी मागितलं नाही की ते 'गार', ते आपोआप जिन्याखालच्या जुनाट पेटीत जायचं. आणि गरमाची एक प्रत धारवाडला केलगेरीत, बहिणीच्या घरच्या पेटीत.

"तिखटमीठ हाताशी, पुरणयंत्र माळ्यावर," मी म्हटलं होतं. "एवढ्यासाठी इंजिनियर झालास?"

"आणि शिडीच नसली तर? तपासलंय कधी?"

ऐन होळीला त्याने माझी शिडी लपवली. मी पुरण पाट्यावर वाटलं आणि त्याला पोळी दिली नाही. घराच्या किल्ल्याही तीन करून घेतल्या आणि एक स्वतःच गटारात टाकली. का, तर हरवल्यावर काय होतं ते बघायला.

तपासायला कंपनी खोटी नावंगावं देई. याने वरच्या पेटीत आपल्या पोरीचा आवाज भरला होता; रोज ऐकायचा, म्हणून तो कायम गरम. ज्यांवरून तो घेतला त्या कॅसेटी बुरशीने गेल्या होत्या, म्हणजे होतं ते एवढंच.

"खोटं हरवायची भीती वाटत नाही, अक्का. भीती नसली की तपासणी ढिली होते."

पोटच्या पोरीच्या आवाजावर असले प्रयोग? पोर आईजवळ पुण्याला असेल असं मी धरून चालले होते. नवराबायकोचं पटत नसेल. कोण विचारतो?

आयुधपूजेच्या त्या दिवशी धूर विरतो न विरतो तोच त्याचं तोंड उतरलं. केलगेरीची पेटी उत्तर देईना. त्याने बहिणीला, सुमनला फोन लावला. तिचा आवाज मला दारापर्यंत ऐकू येत होता.

"बंदच असणार! आयुधपूजा नाही का आज? मिक्सर, स्कूटर, तुझी पेटी, सगळ्यांची पूजा केली. नारळाचं पाणीसुद्धा शिंपडलं."

"जाळीतून आत गेलं?"

"प्रसाद आहे तो. इर्लि बिडो, असू दे रे! उद्या उत्तरपूजा झाल्याशिवाय हात लावायचा नाही."

नरहरी जिन्यावर बसला. फोन हातातच.

"हे तपासलं नव्हतं," म्हणाला. रात्री जेवायला आला नाही. त्याला तसं मी कधी पाहिलं नव्हतं, म्हणून दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर बसने केलगेरीला गेले.

सुमनने पूजा उरकेपर्यंत त्याला पेटीजवळ फिरकू दिलं नाही. मग त्याने पेटी उघडली, कापसाने पुसली, दुपारभर उन्हात ठेवली. शेवटी बटण दाबलं. पेटी बराच वेळ नुसती घुरघुरली. मग आवाज आला, चारपाच वर्षांच्या पोरीचा.

"अप्पा, खोटं बोलू नका. डब्यात अजून दोन लाडू आहेत."

नरहरी हसला. परत लावलं. परत लावलं.

मी सुमनला स्वयंपाकघरात गाठलं. "पोरीचं एवढं वेड आहे, तर पुण्याला जाऊन भेटत का नाही हा?"

सुमनने हातातलं भांडं खाली ठेवलं. "तुम्हाला सांगितलं नाही त्याने?"

मग तिनेच सांगितलं. घाटात जीप उलटली होती. आत नरहरी, बायको, मुलगी आणि ड्रायव्हर. चौघांतला एकटा नरहरी वाचला.