आमच्या घराचं पेशीविभाजन

घराची वाटणी भांडणाशिवाय होत नाही असं म्हणणाऱ्यांना पेशी माहीत नसते. मला माहीत आहे! मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो. एका पेशीच्या दोन होतात, सगळं सारखं वाटलं जातं आणि कुणी कुणाशी अबोला धरत नाही. दादाला पहाटे रेडिओ लागतो आणि मला झोप, यावरून एकदा चांगलीच जुंपली. "घराचे दोन भाग करू," तो म्हणाला. मी छाती फुगवून म्हणालो, "सगळं माझ्यावर सोड!"

खरं तर मला धास्ती होती त्या अबोल्याचीच. शेजारचे दोघे भाऊ वाटणीनंतर एकमेकांना ओळखही दाखवत नाहीत. दादाशी बोलणं तुटलं तर मी भांडू कुणाशी?

"पेशी आधी वाढते," मी घरच्यांना समजावलं. "मग आतल्या गुणसूत्रांची हुबेहूब प्रत काढते. विभाजन नंतर!"

म्हणून आम्ही दुसरा फ्रिज आणला. दुसरं कपाट, दुसरी इस्त्री, दुसरा मिक्सर.

"पण नवा मिक्सर कुणाचा, भाऊजी?" वहिनींनी विचारलं.

"दोघांचाही! डीएनएच्या प्रत्येक प्रतीत एक धागा जुना आणि एक नवा असतो."

असं म्हणून मी जुन्या मिक्सरवर नवं भांडं चढवलं आणि नव्यावर जुनं. दोन्ही बसेनात. मी जोर लावला. एकातून धूर निघाला आणि दुसऱ्याने मानच टाकली.

"अहो, आधी एक तरी चालत होता!" आमची ही कपाळाला हात लावून म्हणाली.

रविवारी मध्यावस्था, म्हणजे गुणसूत्रांनी पेशीच्या मधोमध रांग लावायची वेळ! सगळ्या जोड्या हॉलच्या मधोमध रांगेत उभ्या केल्या. फ्रिजच्या पाठीला फ्रिज, कपाटाच्या पाठीला कपाट. प्रत्येक वस्तूला दोरी बांधली. जोडीतल्या एकीची दोरी दादाकडे, दुसरीची माझ्याकडे. ओढायचं आणि मोकळं व्हायचं! तेवढ्यात गवंडी आला.

"सर, भिंत कुठल्या टोकाकडून धरू?"

"टोकाकडून नाही, मधून! वनस्पतीच्या पेशीत नवी भिंत मध्यापासून सुरू होते आणि कडेकडे सरकते."

गवंड्याने दादाकडे पाहिलं. दादाने कपाळाशी बोट फिरवून त्याला काय सांगायचं ते सांगितलं. बिचाऱ्याने मुकाट्याने हॉलच्या मध्यभागी विटा रचायला घेतल्या.

"आता तपासणी!" मी जाहीर केलं. "एक जरी जोडी राहिली, तरी पेशी पुढे सरकत नाही!"

आई आपली लाकडी खुर्ची ओढत आली आणि रांगेत, फ्रिजच्या शेजारी, जाऊन बसली.

"माझी दुसरी प्रत कुठाय रे?"

मग दादा म्हणाला, "आई माझ्याकडे. त्यात विचारायचं काय?"

"का? मी काय सावत्र आहे?"

"तू तिची औषधं विसरशील!"

"आणि तू तिच्याशी बोलतोस तरी कधी?"

हे मी बोलायला नको होतं. दादाचा चेहरा पडला.

"ठीक आहे. आजपासून तुझं-माझं बोलणं बंद!" असं म्हणून त्याने खुर्चीचा एक हात धरला. मी दुसरा धरला.

"अरे मेल्यांनो, मी बसलेय!" म्हणत आई कशीबशी उठली. त्याच क्षणी कडाड्कन आवाज झाला. दादा त्या भिंतीवर आदळला, मी या भिंतीवर. दोन पाय त्याच्याकडे, दोन माझ्याकडे. अख्ख्या घरात सारखी वाटणी झाली ती तेवढ्या खुर्चीची!

"लागलं का रे?" दादाने विचारलं. म्हणजे अबोला आवाज विरेपर्यंतही टिकला नाही! मला एकदम भरून आलं. पाठही दुखत होती, पण ते वेगळं.

बसायला खुर्ची उरली नव्हती, म्हणून आई गवंड्याच्या गुडघाभर भिंतीवर टेकली आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. हसू आवरल्यावर मला म्हणाली, "तुझ्या पुस्तकात अशी पेशी नाही का रे, सगळी तयारी करते आणि शेवटी वेगळी होतच नाही?"

"आहे की! यकृतात असतात. आत केंद्रकं दोन, पेशी मात्र एकच."

"आणि त्या यकृताचं चालतं नीट?"

"उत्तम!"

"मग हे आधी का नाही बोललास, मास्तर?" दादा कंबर चोळत ओरडला.

काय सांगणार! तो भाग परीक्षेत येत नाही, म्हणून मी दरवर्षी गाळतो.